पन्नासाच्या आत

शालिनीने हजेरीचं कार्ड सासूच्या पुढ्यात टाकलं. त्यावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ होती.

"माझं नाव तुम्ही कापवलंत ना, आत्याबाई?"

जनाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"बाबूराव जॉबर सगळ्यांसमोर बोलला. म्हणे, तेरी सास ने ही बोला, बहू का काट दो. खोटं आहे का?"

"खरं आहे."

मध्यभारतात नवा फॅक्टरी कायदा लागू झाला होता. पन्नासांहून जास्त बायका असतील त्या कारखान्यात लेकरांसाठी पाळणाघर हवं, दाई हवी. बायकांना वाटलं, आपले दिवस फिरले... मालकाला मात्र एक खोली बांधण्यापेक्षा आठ बायका घरी बसवणं सोपं वाटलं. कापडाच्या त्या मिलमध्ये अठ्ठावन्न होत्या, पन्नास ठेवायच्या. ज्या घरातून दोघी येतात तिथली एक कमी, असं मजुरांची भरती बघणाऱ्या बाबूरावने ठरवलं आणि जनाबाईला विचारलं, "कोणती?"

त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे फक्त नात होती, सात महिन्यांची रमा. मिलच्या बायका सकाळी लेकरांना मोहरीएवढी अफूची गोळी चाटवून पाळीवर जात. पोर दिवसभर निपचित राही. माळव्यात अफूला काय तोटा! रमाला पहिली गोळी जनाबाईनेच दिली होती. पण पंचवीस वर्षांपूर्वी तिची स्वतःची थोरली अशाच गोळीने झोपली होती ती उठलीच नव्हती, आणि ती गोळीची गोष्ट जनाबाईने नवऱ्याला सांगितली नव्हती, गेल्या साली क्षयाने वारलेल्या मुलालाही नाही. आता रमाचे ओठ निळसर दिसू लागले होते. एक बाई घरी राहिली तर गोळी सुटणार होती, आणि दूध होतं ते शालिनीच्या अंगावर.

पण हे सांगायचं तर ते जुनं पापही सांगावं लागलं असतं.

"घरी राहा. लेकरू सांभाळ," एवढंच ती म्हणाली.

"म्हणजे तुम्ही कमावणार अन् मी तुमच्या हाताकडे बघत बसणार. तुमचा मुलगा असता तर झाली असती का हिंमत?"

त्या दिवसापासून एका खोलीत दोन चुली झाल्या.

आठवड्याभरात शालिनीने शहरातल्याच लालबागेकडे एका बांधकामावर विटा वाहायचं काम धरलं. सासू भोंग्याला गेली की ती निघे आणि सासू परतायच्या आत घरी येई. रमा शेजारच्या गंगूबाईकडे असे. बुधवारी निघताना शालिनीने गोळी चाटवली. दुपारी पोर किरकिरली, तेव्हा गंगूबाईने आपल्या डबीतली आणखी एक दिली. दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. त्या चाळीत कोणी विचारत नसे.

पाळी सुटून जनाबाई आली तेव्हा शालिनी पोरीला खांद्यावर घेऊन ओट्यावर येरझारा घालत होती. "आत्याबाई, ही डोळेच उघडत नाही..."

जनाबाईने तळवे चोळले, तोंडावर पाणी मारलं, टांगा बोलावला. दवाखान्यात डॉक्टरांनी रमाचा हात धरून पाहिला आणि हळूच खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी शालिनीचा पदर दुधाने भिजला. छाती दगडासारखी झाली होती. जनाबाई ऊन फडक्याने शेकत राहिली आणि शेकता शेकताच सांगून मोकळी झाली... थोरलीची गोळी, निळे ओठ, सगळं.

"माझं नाव कापवलं असतं, तर दूध कुठून आणलं असतं मी?"

"तेव्हाच का नाही बोललात?"

"लाज वाटली गं."



"तुमच्या लाजेपायी गेली माझी पोर," शालिनी म्हणाली, "अन् माझ्या रागापायी." मग तिने सासूच्या मांडीत तोंड खुपसलं आणि तीन दिवसांत न आलेलं रडू तिला आलं.

दहाव्यानंतर बाबूराव आला. दारातच घुटमळत जनाबाईला म्हणाला, "भाभी, बुरा मत मानना. एक जागा खाली झालीय. आता हिला लेकरू नाही, तर घेता येईल. मालकही हो म्हणतात."

"चहा ठेवलाय, बाबूराव," जनाबाई म्हणाली. "प्यायचा तर पी, अन् पुन्हा या दारात येऊ नको."

दुसऱ्या दिवशी ती मिलमध्ये गेली नाही. दोघी मजूर इन्स्पेक्टरच्या कचेरीत गेल्या.

"तुमचंही नाव कापतील," वाटेत शालिनी म्हणाली.

"मग आणखी एक कमी होईल त्यांच्याकडे. मोजू देत."

कारकुनाने मान वर न करता विचारलं, "शिकायत क्या है?"

शालिनीने सांगितलं. अठ्ठावन्न होत्या, पाळणाघर द्यावं लागू नये म्हणून आठ काढल्या. तो लिहीत गेला.

"आपका बच्चा है?"

जनाबाईने शालिनीचा हात धरला.

"लड़की," शालिनी म्हणाली. "सात महीने की."

"नाम?"

"रमा."

त्याने नाव लिहिलं आणि कागद फिरवला. शालिनीने सही केली. तिच्या खाली जनाबाईने शाईचा अंगठा टेकवला, आणि कारकून "बस, हो गया" म्हणाला तरी बराच वेळ तिने तो उचलला नाही.