आईच्या मोबाईलातली कुलूपबंद अंगाई

हे खरंच घडलं आहे. अजून घडून राहिलं आहे, म्हणा.

लेक झोपली की जेवढा वेळ मिळतो, त्यात चार दिवसांपासून तुकड्या-तुकड्यानं लिहितेय.

अकोला, जठारपेठ. आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. वेळ रात्रीची नाही...

दुपारची. तीन वाजून दहा मिनिटं.

माझ्या बाळंतपणाला आई दर्यापूरहून आली होती. नातीसाठी तिनं मोबाईलमध्ये अंगाई रेकॉर्ड केली, नाव घालून. आणि एका ॲपनं कुलूप लावलं.

"आई, नाव तरी सांग."

"बारशाआधी सांगाचं नसते माय. नावच चाबी हाय. त्या दिवशी उघडजो."

बारशाला दोन दिवस होते. आई झोपेतच गेली.

सुतक फिटल्यावर नणंदेनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, स्वराली. ते टाकून पाहिलं. फाईल उघडली नाही.

माझा भाऊ विपुल अमरावतीला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यानं मोबाईल केबलनं जोडला.

"ताई, लोणच्याची बरणी समज. वरची चिठ्ठी वाचता येते. कधी भरली, किती वेळा उघडली, किती वेळा चुकलो. आतलं सारं कालवलेलं. नावाशिवाय निघत नाही."

"दुसऱ्या मोबाईलवर?"

"अर्धी चाबी याच मोबाईलात हाय. ॲपवाली कंपनी बंद पडली, आता कोणाले विचारतं? अन् दहा वेळा चुकलो का फाईल पुसल्या जाते."

दहा महिन्यांत नऊ नावं चुकली.

दहावं टाकायची हिंमत झाली नाही. आईचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. मोबाईल बंद केला, कपाटात ठेवला.

पोर आता चौदा महिन्यांची आहे. दिवसभर किरकिर. माझी पाठ मोडून जाते. स्वराली म्हणून हाक मारली तर वळतही नाही. डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहेत.

पण दुपारी तीन दहाला ती गप्प होते...

एकदम.

कुणी थोपटावं तशी.

झोळीची दोरी माझ्या हातात नसते. तरी झोळी हलत असते...

वारा असेल, म्हटलं. दमलेल्या माणसाला काहीही पटतं.

गेल्या रविवारी विपुल आला. मोबाईल चार्ज करून त्यानं ती चिठ्ठी पुन्हा पाहिली.

"ताई... नाव सापडलं का तुले?"

"नाही रे. काहून?"

"चुकीची नावं नऊच हायेत. पण फाईल एकशे सव्वीस वेळा उघडली. शेवटची काल. तीन दहाले."

मोबाईल चार महिने बंद होता.

पोर जमिनीवर वाटीशी खेळत होती. मी सवयीनं विचारलं, "आमची स्वराली कुठंय?"

तिनं वर पाहिलं. स्वतःच्या छातीवर हात थापटला.

"मैना."

आमच्या घरात या नावाचं कुणी नाही.

विपुल हळूच म्हणाला, "टाक ताई. हेच असंन."

मी अजून टाकलेलं नाही. नाव चुकलं, तर आई कायमची पुसली जाईल. आणि बरोबर निघालं, तर... रोज माझ्या लेकीजवळ कोण बसतं, ते मान्य करावं लागेल. मग ते बसणं थांबलं तर?

मोबाईल समोर आहे. बंद.

आत लेक रडत होती. उठायचं त्राण नव्हतं, म्हणून लिहीतच राहिले.

आत्ता ती गप्प झाली आहे...

घड्याळाकडे मी बघणार नाही.