लाल वर्तुळातला माणूस

दाढ ठणकत होती म्हणून अंतरा नया बाजारातल्या त्या दवाखान्यात शिरली. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी मास्क खाली केला, आणि ती खुर्चीत ताठ बसली.

"तुम्ही... लाल वर्तुळातले?"

"आणि तुम्ही शेजारच्या," तो हसला. "मी समरजीत. आपण दोघं मिळून कट रचतो म्हणे. निदान एकमेकांची नावं तरी माहीत हवीत."

अंतरा कॉलेजात इतिहास शिकवायची. इतिहासावर पुस्तकं लिहिणाऱ्या, व्याख्यानं देणाऱ्या मधुसूदन सरांना लाखो लोक ऐकत. फूलबागेजवळच्या त्यांच्या व्याख्यानानंतर तिने ऑनलाइन एवढंच विचारलं होतं – तुमच्या पुस्तकात त्या जुन्या काळच्या प्रवाशाने लिहिलेलं वर्णन तुम्ही अर्धंच का दिलंत? पुढचं वाचलं की अर्थ उलटा होतो. सरांनी उत्तर दिलं नाही. सभागृहातला फोटो टाकला, तिच्या शेजारच्या अनोळखी तरुणाभोवती लाल वर्तुळ काढलं आणि लिहिलं, 'हिच्या मागे कोण आहे, ते शोधा.' तेव्हापासून तिला रोज शिव्या येत होत्या.

"खरं सांगा, तुम्हाला कोणी पाठवलं होतं?" तिने विचारलं.

"आईने. घरी बसून डोकं खातोस म्हणाली."

कितीतरी दिवसांनी अंतरा मोकळी हसली. दाढ दुखली, तरी हसली.

दाढ बरी झाली, पण भेटी थांबल्या नाहीत. थंडीतल्या एका भुरभुर पावसात दोघं फूलबागेबाहेर चहा पीत होते. तो कप धरून तिच्याकडे बघतच राहिला...

"क्या देख रहे हो?"

"दात," तो म्हणाला. "प्रोफेशनल इंटरेस्ट."

कुणीतरी तेवढ्यात फोटो काढला. संध्याकाळी तो सरांच्या पानावर होता – 'घ्या पुरावा.'

अंतराने त्याला फोन केला. "आता नको भेटायला. माझा प्रश्न खरा होता रे. तुझ्यामुळे... म्हणजे आपल्यामुळे तो खोटा ठरेल."

"तू म्हणशील तसं. पण आपण भेटलो नाही, तर सर उत्तर देतील?"

ती रात्र तिने त्याच विचारात काढली. सकाळी तोच फोटो तिने स्वतः टाकला. 'हो, आम्ही भेटतो. ओळख सरांच्या लाल वर्तुळामुळे झाली, आभार. आता गाळलेला भाग वाचा.' खाली तो पूर्ण उतारा दिला. लोक आधी हसले, मग वाचू लागले, मग सरांना तेच विचारू लागले. दुपारपर्यंत सरांनी कमेंट बंद केल्या.

संध्याकाळी ती दवाखान्यात आली. बाकावर तीन पेशंट बसले होते. एकाने तिला ओळखून मोबाईल वर केला. समरजीत दारात आला, तो मोबाईल बघून घुटमळला.

"आत येतेस? इथे लोक..."

"असू देत." तिने सगळ्यांसमोर त्याचा हात धरला. "समर, मला तू आवडतोस. आणि हे मला कोणी शिकवून पाठवलेलं नाही."

त्याचे कान लाल झाले. हात मात्र त्याने सोडवला नाही.