फळ्याच्या तळाची ओवी

हेमलता गुरवांनी फळ्यावर 'पाणी' हा शब्द लिहिला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो विरघळू लागला. आधी काना गेला, मग वेलांटी, मग उरलंसुरलं. काळ्या पत्र्यावर कोपऱ्यात लाल ओळ उमटली : 'मोहोरबंद बातमी. पहिली ताकीद.'

सकाळचे सात वाजले होते. औरवडे गावच्या एसटी स्टँडवर पहिली गाडी धुरळा उडवून गेली होती. समोरच्या खानावळीत अक्काताई मगदूम कांदा चिरत होत्या आणि सून तान्ह्या पोरीला थोपटत ओसरीवर फेऱ्या मारत होती. रोजच्यासारखीच सकाळ, रोजच्यासारखंच कोवळं ऊन.

हा फळा पूर्वी खडूचा होता. 'गावशीव' नावाचं दैनिक बंद पडलं, तिथं मुद्रितं तपासणाऱ्या हेमलताबाई घरी बसल्या, आणि एका सकाळी हातात खडू घेऊन स्टँडवर आल्या. कुणाच्या घरी मयत, कुठल्या गावचा बाजार बदलला, कुठला रस्ता खचला, सगळं त्या फुकट लिहीत. आता त्याच जागी शाईफळा होता. पातळ पत्र्याच्या पोटात शाईचे कोट्यवधी कण. कांडी फिरवली की कण वर येत, अक्षर होई. पावसानं पुसत नसे, उन्हानं विटत नसे. फक्त ज्या बातमीवर मोहोर आहे, ती त्यावर ठरत नसे.

मोहोर आली होती पहिल्या नोंदीच्या कायद्यानं. जो बातमी आधी टिपेल, त्याची ती सहा तास मालकीची. वर्गणी भरणाऱ्यांना ती तत्क्षणी मिळे. सहा तासांनी मोहोर उघडली की मग सगळ्यांना फुकट. वर्गणी साऱ्या गावात साठ-सत्तर घरांना परवडे. बाकीचं औरवडे शिळ्या बातमीवर जगत होतं आणि त्याला त्याची सवयही झाली होती. सहा तासांत असं काय बिघडतंय, असं लोक म्हणत.

फळेकऱ्याच्या मागे मात्र एक निराळाच जाच होता. चुकून काही लिहिलं जाऊ नये म्हणून सगळ्या मोहोरबंद बातम्यांची यादी त्याला रोज मिळे. वाचायची आणि गिळायची. फळ्यावर नाही, तोंडानंही नाही, अशी सही करून दिलेली. स्टँडच्या खांबावर बसवलेला यंत्रकान सगळं ऐकत असे.

आज यादीत पहिलीच ओळ होती : 'औरवडे नळयोजना. जिव्हायंत्राला पाण्यात नायट्राइटचा मोठा अंश आढळला. रंगाच्या कारखान्याची टाकी फुटल्याचा संशय. मोहोर सहा चाळीस ते बारा चाळीस.'

ज्याची मोहोर, त्याच्याशी बोलायला तेवढी मुभा होती. हेमलताबाईंनी दत्ता शिरगुप्पेला फोन लावला. 'गावशीव'मधला जुना वार्ताहर. आता तो 'त्वरा' वार्तासमूहात होता. नदीत पाणी चाखणाऱ्या यंत्रजिभा बसवायचं काम त्याचंच.

"दत्ता, मोहोर काढ."

"बाई, माझ्या हातात असती तर फोन यायच्या आधी काढली असती."

"अरे, माणसं पाणी पितात ते!"

"सरकारनं इशारा दिला तर तो फुकट सुटतो, त्याला मोहोर नाही. मी सहा एकेचाळीसला कळवलंय तिकडं. ते म्हणतात, प्रयोगशाळेचा कागद येऊ दे."

"तोवर?"

"राग मानू नका, पण एक विचारतो. तुमच्या फळ्याला पाणी चाखता येतं का? ती जीभ वर्गणीच्या पैशानं बसलीय. उद्या सगळंच फुकट सुटलं, तर परवा ती जीभ कोण राखणार? मग तुम्हालाही कळायचं नाही न् मलाही."

त्याचं खोटं नव्हतं, म्हणूनच त्यांचा जळफळाट झाला. फोन ठेवून त्यांनी पुन्हा कांडी उचलली. 'नळ' लिहिलं. नळ गेला. 'दुसरी ताकीद.' तिसऱ्या ताकिदीला फळा कायमचा काळा होणार होता. अकरा गावांची माणसं या स्टँडवर उतरत. मयत, बाजार, लस, रेशन, सारं इथूनच वाचून जात. फळा गेला तर त्यांना शिळंही मिळणार नव्हतं.

हेमलताबाईंची नजर फळ्याच्या तळाकडे गेली.

तिथं रोज ओवी असे. आईच्या जात्यावर ऐकलेल्या चालीत, चौदा वर्षं, एकही दिवस न चुकता. कधी लेकीची, कधी नदीची, कधी शेवग्याच्या फुलाची. त्या चौकटीला मोहोर नव्हती. गाणं ही बातमी नव्हे, असा निकालच होता कोर्टाचा. यंत्र तिथं डोकावत नसे.

त्यांचा हात सरसर चालला :

'नळाला आज बाई, नको लावू गं घागर,
उतरलं पाण्यामंदी कारखान्याचं जहर.'

अक्षरं राहिली. त्यांनी श्वास रोखून दहा आकडे मोजले. एकही मात्रा हलली नाही.

अक्काताई पदराला हात पुसत रस्ता ओलांडून आल्या. रोज ओवी सगळ्यांत आधी वाचायच्या त्या. ओठ हलवत, अक्षराला अक्षर लावत त्यांनी ती वाचली. एकदा, दोनदा. मग छातीवर हात ठेवला.

"लागलं गं बाई. काळजाला लागलं."

हेमलताबाईंनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. खांबावरचा कान वर होता. "ध्यानात आलं न्हवं, अक्काताई?"

"न यायला काय झालं? बाईमाणसाचं दुःख बाईमाणसालाच कळतंय."

तेवढ्यात वडापची जीप आली. हेमलताबाईंना वाटलं, पोचलं. अक्काताईंना कळलं म्हणजे खानावळीला कळलं, खानावळीला कळलं म्हणजे घटकाभरात स्टँडला कळेल. आता पंप बंद करायला हवा. त्या वडापमध्ये चढल्या. मागून अक्काताईंचा आवाज आला. ओवीला चाल लावून झालीसुद्धा होती.

वाटेत नवी कॉलनी लागली. प्रत्येक फाटकाशी पाण्याचे सीलबंद जार उतरत होते. कुणी धावपळ करत नव्हतं. एक बाई बागेतल्या नळाच्या तोटीला फडकं बांधत होती, अगदी निवांत.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीला कुलूप होतं. मग साहेबाचं घर. साहेब म्हणाले, "कुठून कळलं तुम्हाला? यादीतून? मग तुम्ही बोलताय हाच गुन्हा आहे, बाई." तास गेला, दुसरा गेला. त्या दारातच बसून राहिल्या. साडेअकराला कागद आला आणि पंप थांबला, सरकारी इशाऱ्यावर मात्र अजून वरची सही यायची होती.

त्या परतल्या तेव्हा स्टँडवर गाड्या होत्या, पण माणसं बसत नव्हती. खानावळीच्या बाकांवर चार गडी आडवे पडले होते. त्यांचे ओठ जांभळाच्या रसात बुडवल्यासारखे निळे. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्त प्राणवायू वाहायचं विसरतं. माणूस भरल्या हवेत गुदमरतो.

ओसरीवर सून होती. तिच्या मांडीवर चार महिन्यांची चेलना. एवढ्याशा नखांनाही तो रंग चढला होता.

"दोनदा उकळलं पाणी," अक्काताई कुणालाही सांगत होत्या. "भुकटीचं दूध हाय म्हणून दोनदा उकळलं मी. माझ्या हातानं."

उकळून जंतू मरतात. हे विष मरत नाही. पाणी आटतं तसं ते घट्ट होतं.

ओवी घोळवत घोळवतच अक्काताईंनी पिंप भरलं होतं. शेजारचा पानवाला ती गुणगुणत होता, आठ-दहा जणांनी फोटो काढून सोयऱ्यांना धाडले होते. 'आजची फारच सुंदर', असं कुणी खाली लिहिलंही होतं. चौदा वर्षं तळाची ओळ ही मनाची ओळ होती. तिच्यात कधी कुणी बातमी शोधली नव्हती, आणि शोधावी असं लोकांना कुणी सांगितलंही नव्हतं.

रुग्णवाहिका वळणावर दिसली तेव्हा फळा आपोआप उजळला. बारा चाळीस. मोठ्या ठळक अक्षरांत बातमी उमटली : 'औरवडेकरांनी नळाचे पाणी पिऊ नये.' खाली बारीक अक्षरांत : 'ही बातमी आता सर्वांसाठी मोफत.'

तिघं गेले. त्यात चेलना.

दत्ता तिसऱ्या दिवशी आला. फळ्याशी टेकून उभा राहिला, दाढी वाढलेली.

"सकाळपासून शंभर घरांनी वर्गणी भरलीय," तो म्हणाला. "वरून शाबासकी आलीय मला. बाई, जीभ चोख चालली. सहा चाळीसला बोलली ती."

"बोलली," हेमलताबाई म्हणाल्या. "मलाही तोंड होतं, दत्ता. मी फळा वाचवला."

खिशातून यंत्रजिभेचे दोन सुटे भाग काढून त्यानं बाकावर ठेवले, पुन्हा उचलले आणि निघून गेला.

हेमलताबाईंनी कांडी घेतली. मयतांना मोहोर नव्हती. 'चेलना मगदूम, वय चार महिने.' अक्षरं ठरली. तळाची चौकट त्यांनी कोरी ठेवली. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

पण त्या ओवीतच बातमी होती हे कळलं, त्या दिवसापासून गावाचं वाचणंच बदललं. बाजाराचा वार वाचून लोक थबकत, एकमेकांकडे बघत. लसीची तारीख वाचून एक म्हातारा हसला आणि म्हणाला, "असंल बाबा गाणं." रस्ता खचल्याचं लिहिलं तरी वडाप तिकडूनच गेली आणि अडकली.

आठव्या सकाळी अक्काताई रस्ता ओलांडून आल्या. खानावळ बंदच होती. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. हेमलताबाई बाजूला सरल्या. अक्काताईंनी ओठ हलवत पहिली ओळ वाचली : 'नळाचे पाणी आता पिण्यास योग्य.' अक्षराला अक्षर लावत, एकदा, दोनदा. मग त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, जसं तापल्या तव्यावर ठेवून बघावं तसं, आणि वळून विचारलं,

"बाई, हे खरं हाय, का ह्यीबी ओवीच?"