वाघखोऱ्याचे दस्तक

सुळकगडाच्या पूर्व बुरुजावर उन्हाची पहिली तिरीप पडली, नगारखान्यात नौबत झडली, आणि खाली करपखिंडीच्या चौकीच्या दाराचा आडणा उचलला गेला, तोही पाण्याच्या घागरी आत घेण्यापुरताच. माणसांसाठी तो आडणा इतक्या सहजी कधी उठत नसे. चहूकडून ताशीव कड्यांनी वेढलेले वाघखोरे म्हणजे पंचवीस गावांचे मूठभर राज्य. पण तिथे पाऊल टाकण्यापेक्षा बादशहाच्या दरबारात शिरणे सोपे, असे घाटाखालचे लोक चिडून म्हणत.

आणि का म्हणू नये? खोऱ्यातल्या सोयऱ्याचे लेखी बोलावणे हवे. ते गडावर जाणार, कारण सबळ वाटले तर महिना-दोन महिन्यांनी प्रवेशाचे दस्तक सुटणार. आणि त्या दस्तकात असामी किती, मुक्काम कुठे, मुदत कितीची, वाट कोणती, हे सारे कलमवार लिहिलेले असणार. हत्यार चौकीवर ठेवायचे. पुरुषाची चेहरेपट्टी लिहून द्यायची, पार कानामागच्या तिळापर्यंत. घरंदाज बाईचे तोंड पाहायचे नाही हा राजांचा शिरस्ता. म्हणून पडद्याआडून तिचा डावा हात बाहेर घ्यायचा, मनगटावर बिब्ब्याच्या तेलाचे तीन ठिपके द्यायचे, आणि ठिपके धरतात की नाही हे पाहायला दोन दिवस चौकीवरच बसवून ठेवायचे.

ते दोन दिवस मायाजी नाईक खराड्याने चौकीचे अंगण चालून चालून झिजवले. सोबत त्याची आई, भागूबाई. तिच्या हातावर तिसऱ्या सकाळी तीन काळे ठिपके स्वच्छ उमटले होते. चौकीचे सबनीस विसाजीपंत यांनी चष्मा सावरून वहीत लिहिले, "बिब्बा धरला. उतला नाही, फोड नाही." मग दस्तकावर शिक्का पडला: असामी दोन, मुक्काम मौजे तळेगण, मुदत सात रोज.

कारण सबळच होते. मायाजीच्या बहिणीचा, गोदूचा, नवरा गेला होता. तिच्या म्हाताऱ्या, आजारी सासऱ्याने व्याह्यांना दुखवट्याला बोलावले होते. शिकारीत वाघाने मारला, असे राज्याचा कारभारी सुभानराव सांगे. पण प्रेताला स्नान घालताना गोदूने नवऱ्याच्या पाठीवर तलवारीचा वार पाहिला होता, आणि तिने तो पाहिला हे सुभानरावाला कळले होते. "विधवेची गडावर सोय लावतो," असा त्याचा निरोप आला. पालखी आठव्या दिवशी येणार होती, म्हणजे माहेरची माणसे हद्दीबाहेर गेल्यावर. गडावर सोय लागलेली बाई पुन्हा खाली उतरल्याचे खोऱ्यात कुणाच्या ऐकिवात नव्हते.

मायाजीने पहिल्याच दिवशी मनाशी ठरवले, की बहिणीला इथे ठेवून जायचे नाही. पण न्यायचे कसे? खोऱ्यात जन्मलेल्या किंवा नांदायला आलेल्या माणसाला बाहेरचे दस्तक राजे देतच नसत. त्यात राज्याने नेमून दिलेला सोबती हरबा गुरव चोवीस तास मानगुटीवर बसलेला. हा हरबा आधी जेवणाची पाने मोजी, मग माणसे मोजी, आणि मायाजी परसाकडे निघाला तरी आपला तांब्या उचली.

"अरे, तिथेही येतोस?" मायाजी एकदा भडकला.

"सरकारी हुकूम आहे, नाईक. मलाही काही हौस नाही."

मायाजीने सहा दिवस कडे न्याहाळले. वाट नव्हती. त्याचे जेवण सुटले, झोप उडाली, आणि इकडे भागूबाई मात्र सुनेच्या डोहाळजेवणाला आल्यागत निवांत तांदूळ निवडत बसलेली. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, पोरीला उद्या-परवा गडावर कोंडतील! तुला काहीच कसं वाटत नाही?"

"वाटून काय करू? घराला येरझारा तुझ्या पुरेशा आहेत," म्हातारी म्हणाली, आणि खोकली. तिला जुना खोकला होता. "हा खडा बघ केवढा निघाला."

सातव्या दिवशी झुंजुमुंजू होताच डोली दारात लागली. आईच्या लुगड्याचा काठ तेवढा पडद्याच्या फटीत दिसला. सोप्यावर पांढरे लुगडे नेसून, पदर हनुवटीपर्यंत ओढून गोदू उभी होती. मायाजी तिच्यापुढे थबकला. सख्खी बहीण मागे ठेवून, पाठ दाखवून चाललो आपण. थू आपल्या नाईकीवर! तो पाया पडण्यासाठी म्हणून वाकला, आणि पदराशी पुटपुटला, "गोदू, मला क्षमा कर."

"तोंड मीट," पदराआडून आवाज आला. तो आईचा होता. "डोलीत गोदू आहे. वर बघू नकोस. रडूही नकोस. हरबा बघतोय. चालायला लाग."

"आई..."

"मी दोन लेकरं वाढवली ती कोंडायला नव्हे. एकदा तरी मुकाट्याने ऐक माझं."

तो उठला. कसा उठला, कसा वळला, हे त्याला पुढे कधीच सांगता आले नाही. घाट चढताना त्याचे पाय पुढे पडत होते आणि जीव मागे ओढत होता. दर वळणावर त्याला वाटे, आता परतावे, आईला खांद्यावर टाकून आणावे. आणि दर वळणावर डोलीतला दबका श्वास ऐकून तो पुढे जाई. आईने दोन दिवसांपूर्वीच गोदूच्या मनगटावर बिब्बा लावला होता, हे त्याला वाटेत गोदूने कुजबुजून सांगितले. सारे चोख केले होते. फक्त एक गोष्ट मायलेकींच्या हातात नव्हती: गोदूला जन्मात कधी बिब्बा लागला नव्हता, आणि रात्रीतून तो तिला भयंकर उतला होता.

चौकीवर विसाजीपंतांनी वही उघडली. मायाजीची उंची, व्रण, तीळ, सारे जुळले. मग ते डोलीकडे वळले. "बाईंचा हात."

पडदा हलला आणि हात बाहेर आला. मनगटापासून कोपरापर्यंत टम्म सुजलेला, लालभडक, पाण्याने भरलेल्या फोडांचा हात. तीन ठिपके त्यात कसेबसे दिसत होते. सुजेमुळे तो म्हातारीचा की तरणीचा, हे कुणालाही सांगता आले नसते. तेवढेच काय ते नशीब.

विसाजीपंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आमच्या दफ्तरी नोंद आहे, उतला नाही. आठवड्याने कसा उतला? बिब्बा काय मुहूर्त पाहून उततो?"

मायाजीचा हात कमरेकडे गेला. तलवार चौकीच्या कोठीत होती. आडण्यापाशी सहा भालेकरी उभे होते. चौघांना तरी लोळवू, असा विचार त्याच्या मनात आला, आणि मग डोलीचे काय, हाही.

"पंत," मागून हरबाचा आवाज आला, थकलेला, नेहमीसारखाच कंटाळलेला. "ते माझ्याकडून झालं. ठिपके पुसट दिसायला लागले, म्हणून परवा मीच वरून बिब्बा दिला. दुसऱ्या खेपेला उतला."

"तू दिलास? कुणाच्या हुकमाने?"

"खूण पुसली तर सोबत्याने ती राखावी, असं कलम आहे ना? ते समजून दिला. चुकलं असेल तर चुकलं."

पंतांनी दौत पुढे ओढली. "लिहून देशील? खोटं निघालं तर मान जाईल, हे समजून?"

"द्या वही."

हरबाला लिहिता येत नव्हते. त्याने अंगठा उठवला. पंतांनी त्यावर वाळू टाकली, झटकली, आणि आडणा उचलायची खूण केली.

हद्दीच्या दगडापर्यंत पोचवणे हे सोबत्याचे शेवटचे काम. तिथे मायाजीला राहवले नाही. "हरबा, तुला केव्हापासून ठाऊक?"

"सात दिवस राखलं तुम्हाला, नाईक. म्हातारीचा खोकला पाठ झालाय मला. डोली आज एकदासुद्धा खोकली नाही." तो दगडाशीच थांबला, पलीकडे पाय टाकायची त्याला मुभा नव्हती. "हे कलम निघायच्या आधीच माझी पोर घाटाखाली दिलीय. चौदा वर्षं झाली. तिचं तोंड बघायला मलाही दस्तक मिळत नाही. जावा आता, भरभर जावा."

दुसऱ्या दिवशी तळेगणला पालखी आली. पांढऱ्या लुगड्यातली विधवा निमूट तीत बसली आणि गडावर गेली. भर सदरेत, राजांसमोर, तिने स्वतःच्या हाताने पदर मागे सारला. सुभानराव आपल्या बैठकीवरून ताडकन उठला.

"राजे," भागूबाई म्हणाली, "माझ्या दस्तकाची मुदत काल सरली. लेकीला मी बाहेर धाडलं. बिब्बा मी लावला, सोबत्याला मी फसवलं, माझ्या आजारी व्याह्यांना यातलं काही ठाऊक नाही. आणि ऐका, माझ्या जावयाच्या पाठीवर वाघाचा पंजा नव्हता, तलवारीचा वार होता. लेकीला एवढ्यासाठी हा सुभानराव कोंडणार होता. आता हे सगळ्या सदरेने ऐकलं. कोंडायचं तर सगळी सदर कोंडा."

राजे करारी, आणि स्वतःच्याच कलमांचे गुलाम. त्यांनी सुभानरावाकडे पाहिले, पाहतच राहिले, आणि त्याची कारभाराची शिक्के-कट्यार काढून घेतली. मग भागूबाईला लागू होणारे कलम वाचून घेतले: मुदतीबाहेर राहील त्याने हयातीत खोऱ्याबाहेर पडू नये. तिने मान्य म्हणून मुजरा केला. हरबाने पडद्याआडच्या हातावर वरून बिब्बा दिला एवढेच धरून, फसवणूक ओळखली नाही म्हणून त्याला गडाची गुरे राखायला धाडले, आणि त्याची मान वाचली.

हे सारे मायाजीला कळायला पावसाळा लोटला. गोदू त्याच्या घरी राहिली, पुढे भाच्यांना लिहायला शिकवू लागली. तो मात्र कधी स्वस्थ बसला नाही. दरसाल तो करपखिंडीच्या चौकीवर अर्ज देई: असामी एक, मुदत एक रोज, आईची भेट. दरसाल उत्तर येई: कारण पुरेसे नाही. मायाजी चौकीवर शिव्या घाली, घरी येऊन जेवणाचे ताट ढकली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज देई. अशी नऊ वर्षे गेली.

दहाव्या वर्षी अर्ज न करताच दस्तक आले. असामी एक, मुदत तेरा रोज, मुक्काम तळेगण. शिक्का राजांचा होता. गोदूने ते उलगडले, कारणाच्या ओळीपर्यंत वाचले आणि कागद खाली ठेवला.

"वाच ना," मायाजी अधीर होऊन म्हणाला. "दिली का भेट?"

"दादा," ती म्हणाली, "पागोटं उतरव."