शेवटच्या तासाचा फळा

संध्याकाळच्या वर्गाला भूगोल शिकवायचं पत्र आलं, तेव्हा ती खोलीची किल्ली घ्यायला विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत गेली. विद्यापीठ आता रस्त्यापलीकडे पसरलं होतं. तिकडे काचेच्या इमारती होत्या, लिफ्ट होती, बागही होती. पण त्याचा जन्म इकडचा, एका मालाच्या गोदामातला. दिवसभर राबणाऱ्या माणसांनाही शिकता यावं म्हणून शहराने कधीकाळी ते गोदाम झाडून घेतलं, बाकं टाकली आणि वर्ग सुरू केले. माल ओढायच्या लोखंडी कड्या अजून भिंतीत होत्या. जुन्या इमारतीत आता संध्याकाळचा विभाग तेवढा उरला होता. घरातल्या थोरल्या माणसाला मागची खोली देतात, तसा.

शिपाईकाकांनी किल्ली दिली आणि म्हणाले, "बाई, शेवटचा तास तुमचा. एक लक्षात ठेवा. जाताना फळा पुसायचा नाही."

"का हो?"

"पूर्वी दुसऱ्या पाळीची माणसं तास सुटल्यावर यायची. वर्गात कोणी नसायचं, पण फळा भरलेला असायचा. तो उतरवून घ्यायची आणि घरी जायची. म्हणून शेवटचा फळा तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला येतील त्यांनी पुसायचा."

"पण आता कोण येतं?"

"आता कोण येणार? पोरं फोनवर फोटो काढतात आणि तोही बघत नाहीत. पण रीत ती रीत. मला सांगितलं होतं, मी तुम्हाला सांगितलं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं."

ती हसली. ही रीत तिला लहानपणापासून ठाऊक होती. तिचे बाबा त्या दुसऱ्या पाळीच्या माणसांतलेच. साबणाच्या कारखान्यात काम करून ते इथे यायचे आणि शेवटच्या बाकावर बसून फळा उतरवायचे. ते शेवटच्या वर्षाला असताना तिची आई गेली, ती स्वतः तेव्हा अंगावर पिणारी होती, आणि बाबांचं शिक्षण सुटलं. "अर्धवट राहिलं," असं ते म्हणायचे. ताटात टाकलेल्या घासाविषयी बोलावं तसं.

आता बाबाच अर्धवट राहिले होते. आधी घराचा रस्ता विसरले, मग माणसं. ती वर्गावर असताना त्यांच्यापाशी आत्या बसायची.

"माझं नाव आठवत नाही याला," आत्या म्हणायची, "पण लहानपणी मी याचा पतंग फाडला होता, ते बरोब्बर आठवतं. निवडून निवडून काय लक्षात ठेवलंय बघ."

डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की थोड्याच दिवसांत ते तिलाही ओळखणार नाहीत. त्यामुळे रोज घरी आल्यावर दार उघडताना तिचा हात जड व्हायचा. आज ओळखतील का? एवढा एकच प्रश्न तिच्या आयुष्यात उरला होता.

पहिल्या दिवशी तिने भरती-ओहोटी शिकवली. फळ्यावर चंद्र काढला, समुद्र काढला, खाली चार ओळी लिहिल्या. मुलं गेली. उंच खिडक्यांतून संध्याकाळ आत उतरत होती, खडूची धूळ त्या उजेडात तरंगत होती. ती फळा तसाच ठेवून घरी आली. बाबा पलंगावर उठून बसले होते.

"बाई," ते तिला म्हणाले, "छान शिकवलंत. अक्षर मात्र बारीक काढता. मागून दिसत नाही."

ती उंबऱ्यावरच थांबली.

"चंद्र समुद्राला ओढतो," बाबा सावकाश म्हणत होते, डोळे अर्धे मिटून. "समुद्र जातो, पण पुरता जात नाही. परत येतो." ते तिच्याच फळ्यावरचे शब्द होते. मग त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाळ, कधी आलीस? जेवलीस का?"

कितीतरी दिवसांनी त्यांनी तिला बाळ म्हटलं होतं.

आत्याने शपथेवर सांगितलं, "दिवेलागणीपासून झोपला होता. कूससुद्धा बदलली नाही."

त्यानंतर हे रोजचंच झालं. ती मोठ्या अक्षरात लिहायची आणि फळा तसाच ठेवून निघायची. घरी बाबा झोपेतून उठून बसलेले असायचे. नद्या गाळ कसा आणतात, वारे कुठून कुठे वाहतात, सगळं ते ओळीने म्हणायचे. म्हणून झालं की त्यांचा चेहरा उजळायचा आणि थोडा वेळ ते तिचे बाबा असायचे. तेवढ्या वेळात ती त्यांच्याशी बोलून घ्यायची. कसं होतं, का होतं, हे तिने कोणाला विचारलं नाही. विहिरीला पाणी लागलं तर तळ खरवडून कोण बघतं? फक्त बाबांच्या उशाला साबणाचा वास येऊ लागला होता, कपडे धुण्याच्या ओल्या, उग्र साबणाचा. आणि वर्गात दिवे लावायच्या वेळी शेवटच्या बाकाकडून तोच वास यायचा.

मग एके दिवशी विभागप्रमुख वर्गाच्या दारात आले. दुसऱ्या दिवशी सकाळीच पाहुणे इमारत बघायला येणार होते.

"फळा आरशासारखा हवा बरं का," ते म्हणाले. "जुनी इमारत म्हणजे घाणेरडी इमारत, असं वाटायला नको त्यांना."

तिने ओल्या फडक्याने फळा पुसला. एका दिवसाने काय होतंय, बाबांना आपण तोंडीच सांगू, असं तिने मनाला समजावलं.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा बाबा जागे होते. उघड्या डोळ्यांनी भिंतीकडे पाहत होते.

"फळा कोरा होता," ते म्हणाले. "आम्ही सगळे बसून राहिलो."

"सगळे म्हणजे कोण, बाबा?"

त्यांनी मान वळवली. तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काहीच नव्हतं, बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाकडे बघावं तेवढंही नाही.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

तिने पलंगाशी बसून सगळा धडा सांगितला. पुन्हा सांगितला. ते सभ्यपणे ऐकत राहिले. आत्या गादी उचलून, उशी झटकून काहीतरी शोधत होती.

"दादाचा निळ्या चौकड्यांचा रुमाल कुठे गेला गं? सकाळी हातात होता. आता घरभर नाही."

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर ती घरी गेली नाही. मुलांच्या पायांचा आवाज जिन्यात विरला. तिने पुसून टाकलेला आदल्या दिवसाचा धडा फळ्यावर पुन्हा लिहायला घेतला, मोठ्या, ठळक अक्षरात. त्याखाली आजचा. बाहेर दिवस मावळत होता. खिडक्या आधी पिवळ्या झाल्या, मग राखाडी. दिवा लावायला हवा होता, पण त्यासाठी मागे वळावं लागलं असतं. आणि मागे आता साबणाचा वास येत होता.

एक बाक करकरलं. मग आणखी एक. कोणीतरी हळूच खोकलं. मग कागदावर पेन्सिली चालल्याचा आवाज सुरू झाला, बारीक, एकसारखा, पानांवरून रवा सांडावा तसा.

ती लिहीत राहिली.

"बाई... जरा सरकता का? दिसत नाही."

आवाज तरुण होता. तरीही तिने तो ओळखला. ती बाजूला सरकली, तोंड फळ्याकडेच ठेवून.

"बाबा," ती म्हणाली, "घरी चला ना..."

पेन्सिली थांबल्या.

"कसा येऊ? जागा रिकामी ठेवून उठता येत नाही इथे..." मग जरा लाजत, आनंदाची बातमी सांगावी तसं, "तुझ्यासाठी धरून ठेवलीय. माझ्या शेजारी."

खडू तिच्या बोटांत मोडला. ती वळली.

वर्गात कोणी नव्हतं. बाकांच्या रांगा अंधारात विरघळत चालल्या होत्या. शेवटच्या बाकावर मात्र निळ्या चौकड्यांचा रुमाल नीट पसरून ठेवला होता. जागा धरायला ठेवतात, तसा.

तिला पळून जाता आलं असतं. दार उघडं होतं, जिन्यात दिवा होता. पण तिच्या डोळ्यांसमोर घरचा पलंग आला, आणि ती सभ्य, रिकामी नजर. ती रांगांमधून चालत गेली. तिने रुमाल उचलला आणि बसली. फळकुट कोमट होतं, नुकतंच कोणीतरी उठून गेल्यासारखं. तिथून फळा फार सुंदर दिसत होता. अक्षर न् अक्षर स्वच्छ. आता उठायला हवं, असं तिला वाटत होतं, पण झोपेत वाटतं तसं, लांबून.

घरी पोचली तेव्हा आत्या दारातच रडत-हसत उभी होती.

"माझं नाव घेतलं गं याने. वर म्हणतो, पतंगाचे पैसे दे."

बाबा खुर्चीत बसले होते. सगळं आठवत होतं त्यांना. आईचं नाव, कारखान्याचं फाटक, तिच्या शाळेतली बक्षिसं. तिने रुमाल पुढे केला. त्यांनी तो हसत घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"बसलीस ना?" त्यांनी विचारलं. "मी म्हटलं होतं त्यांना, माझी लेक येईल."

पुढचे दिवस सुखाचे गेले. डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि खांदे उडवले. बाबा बाजारात जाऊ लागले, आत्याशी भांडू लागले. तिला तेवढी झोप फार येऊ लागली. दिवेलागण झाली की पापण्या मिटायच्या. वर्गावर असली, तर उभ्याने.

मग विद्यापीठाला मोठी सुटी लागली. जुन्या इमारतीला कुलूप होतं. किल्ली तिच्याच पर्समध्ये होती. त्या संध्याकाळी ती पलंगावर जरा टेकली, आणि जागी झाली तेव्हा घरात दिवा लागलेला होता. आत्या आणि बाबा तिच्यासमोर उभे होते. आत्याने तोंडावर पदर धरला होता.

"झोपेत काहीतरी म्हणत होतीस," आत्या म्हणाली. "अक्षर मोठं काढा... मागून दिसत नाही..."

तिने आपला हात पाहिला. मधल्या बोटावर पेन्सिल दाबल्याचा खोल, ताजा वळ होता.

"आज फळ्यावर काय होतं?" बाबांनी हलकेच विचारलं.

तिला सगळं पाठ होतं. ती ओळीने सांगत गेली, आणि सांगता सांगता तिला कळलं की हा धडा तिने कधीच शिकवलेला नाही. कोणी शिकवला, ते विचारायला तिने मान वर केली. समोरचा म्हातारा तिच्याकडे मोठ्या मायेने पाहत होता. चेहरा ओळखीचा होता. फार ओळखीचा.

"आठवेल हं," ती त्याला धीर देत म्हणाली. "आत्ता आठवेल."