जागा बदलणाऱ्या कमानी

दगडी कमानी चालू शकतात का? सातवीतल्या अबोली मुळेला तीन दिवस हाच प्रश्न छळत होता.

गोष्ट २०५२ सालची. अबोलीच्या चिंचदरी गावात एक जुनी बारव (पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येईल अशी मोठी विहीर) होती. पायऱ्यांवर उभं राहून पाण्याकडे पाहिलं, की डावीकडच्या भिंतीत तीन कमानींची ओवरी दिसे. उजवी भिंत सपाट. म्हाताऱ्या माणसांना खाली उतरता यावं म्हणून नगरपालिका तिथे लिफ्ट बसवणार होती आणि त्यासाठी ती ओवरी काढून टाकणार होती. ‘हरकत असल्यास सोमवारपर्यंत पुराव्यासह कळवा,’ अशी सूचना लागली होती.

अबोलीने जुन्या वास्तूंचा ऑनलाइन संग्रह उघडला. १८२१ सालच्या एका चित्रात कमानी डावीकडे होत्या. १८९३ सालच्या फोटोत त्या उजवीकडे! आणि आज पुन्हा डावीकडे.

तिने नगरपालिकेचे इंजिनियर कुलथे यांना फोन लावून हे सांगितलं.

“सोपं आहे गं,” ते म्हणाले. “उजवीकडच्या कमानी पडल्या असणार, म्हणजे ती भिंत कच्ची. तेच दगड वापरून कुणीतरी डावीकडे नवी ओवरी बांधली. ती काही फार जुनी नाही, म्हणून तर काढतोय.”

“पण सर, चित्रात तर त्या आधीपासूनच डावीकडे आहेत.”

“चित्रकार चुकू शकतो. कॅमेरा चुकत नाही.”

अबोली शेजारच्या तांबोळीबाईंकडे गेली. बाई निवृत्त शास्त्रज्ञ होत्या. पण दारातच तिचे पाय अडखळले. लिफ्ट मागणाऱ्या गावकऱ्यांच्या अर्जावर पहिली सही बाईंचीच होती.

“लिफ्ट मला हवीच आहे,” सगळं ऐकून बाई म्हणाल्या. “गुडघे गेल्यापासून सात वर्षं मी ते पाणी पाहिलेलं नाही. पण चुकीच्या समजुतीने काही पाडलेलं मला चालणार नाही. बारवेचे फोटो काढून आण. भरपूर आण.”

अबोलीने तीनशे फोटो आणले. बाईंनी ते ‘जुळणी’ नावाच्या प्रोग्रॅमला दिले.

“याला म्हणतात फोटोग्रॅमेट्री (अनेक फोटोंवरून वस्तूचा आकार आणि मापं काढण्याची रीत),” त्या म्हणाल्या. “डोळ्यांसमोर बोट धर. आधी एक डोळा मीट, मग दुसरा. काय होतं?”

“बोट इकडून तिकडे सरकतं!”

“आणि मागची भिंत?”

“ती जवळजवळ नाहीच सरकत.”

“जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. जुळणी प्रत्येक फोटोत तीच भेग, तोच उडालेला टवका शोधते. ती खूण किती सरकली यावरून ती किती लांब आहे हे काढते. अशा हजारो खुणा मिळून बारव उभी राहते.”

पडद्यावर खरोखरच बारव उभी राहिली. अबोलीने ती बोटाने गोल फिरवून पाहिली. मग बाईंनी १८९३चा फोटो त्यात टाकला. उत्तर आलं : ‘जुळणाऱ्या खुणा : शून्य. हा फोटो या बारवेचा नसावा.’

“असं कसं? संग्रहात फोटोखाली ‘चिंचदरी’ लिहिलंय!” अबोली रडकुंडीला आली. दगड तेच असतील, तर एकही खूण कशी जुळत नाही? आणि फोटोच खोटा असेल, तर खरं काय?

“मलाही कळत नाहीये,” बाई म्हणाल्या. हे ऐकून तर अबोली आणखीच गोंधळली.

ती पुन्हा फोटो न्याहाळू लागली. पायऱ्यांवर नऊवारीतल्या चार बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. अबोलीने बाईंकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

“बाई, तुमचा पदर डाव्या खांद्यावर आहे. या चौघींचा उजव्या खांद्यावर का?”

बाई पुढे झुकल्या. “एकीचा असता तर सोडून दिलं असतं. चौघींचा?” मग त्यांनी कपाळावर हात मारला. “अगं, फोटो उलटा आहे! आरशात दिसतो तसा. तेव्हा फोटो काचेवर उमटवत. ती काच चुकीच्या बाजूने पाहिली की डावं उजवीकडे जातं. संग्रहात चढवताना कुणीतरी काच पालथी ठेवली असणार.”

“मग जुळणीने फोटो फिरवून का नाही पाहिला?”

“तुझी डावी चप्पल कशीही फिरव, ती उजव्या पायाची होईल का?”

“नाही.”

“तसंच. फिरवणं वेगळं, आरशात उलटणं वेगळं. जुळणीला फक्त फिरवणं येतं.”

अबोलीने फोटो उलटवला. पडद्यावर हिरवे ठिपके भराभर उमटू लागले. जुळणाऱ्या खुणा : दोनशे चौदा!

“म्हणजे १८९३मध्येही कमानी डावीकडेच होत्या,” ती सावकाश, स्वतःला समजावत म्हणाली. “आणि उतरवून पुन्हा रचल्या असत्या, तर प्रत्येक दगड त्याच जागी आला नसता.”

“हेच लिही,” बाई म्हणाल्या.

सोमवारी कुलथेसाहेबांनी स्वतः दोनदा फोटो उलटवून पाहिला. “कॅमेरा चुकला नव्हता,” शेवटी ते म्हणाले. “आपण पाहायला चुकलो.” उजवी भिंत भक्कम आहे याची खात्री करून त्यांनी लिफ्ट त्या बाजूला घेतली. मार्चमध्ये तांबोळीबाई खाली उतरल्या आणि थेट पाण्यात पाय सोडून बसल्या.

संग्रहाने चूक दुरुस्त केली. शिवाय एक पत्रही पाठवलं : ‘कुठले आहेत हेच कळत नाही असे एकशे सहा फोटो आमच्याकडे आहेत. पाहतेस का?’

अबोलीने बाईंच्या मदतीने जुळणीला प्रत्येक फोटो दोन्ही बाजूंनी तपासायला शिकवलं. पहिले दहा फोटो संग्रहातल्या कशाशीच जुळले नाहीत. सगळेच काही उलटे नसतात. अकराव्या फोटोत एका गावाची उंच दगडी वेस होती. मागे दिसणाऱ्या देवळाच्या शिखरावरून ते गाव सापडलं. देऊळ अजून उभं होतं. वेस कधीच नाहीशी झाली होती, आणि ती कशी दिसायची हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

अबोलीने त्या गावच्या शाळेचा पत्ता शोधला आणि पत्र लिहायला बसली : ‘तुमच्या गावाची वेस आम्हाला सापडली आहे.’