वर येऊ का?

सरका रे जरा. ए लांब्या, पाय आत घे. अंधारात कुणी तुझ्या तंगड्यांत अडखळलं तर उगाच भुताचं नाव व्हायचं. आणि तू गं चष्मेवाली, आत्ताच सांगतो, मध्येच किंचाळायचं नाही. किंचाळायची जागा आली की मी स्वतः खूण करीन.

ही गोष्ट आपल्या सुताराची. खोटी असती तर मीच रचली असती, आणि मग याहून बरी रचली असती. गेल्या वर्षीचा जानेवारी, मंगळवारची रात्र, आणि घर म्हणाल तर त्या समोरच्या दोन उजेडाच्या खिडक्या. एकीवर एक. बघून घ्या. आता परत परत बघू नका.

तेव्हा ही जुनी पेठ नुकती माणसांत येत होती. त्याआधी कित्येक वर्षं खाली बंद दुकानं आणि वर कबुतरं. मग नगरपालिकेला जाग आली. पेठेत परत माणसं राहायला आणायची असं ठरलं. वखारीचे फ्लॅट झाले, पेढी होती तिथे दवाखाना आला, हातगाड्या लागायच्या तिथे घसरगुंडी. आणि तुम्ही बसलाय ती बाकं. बाकं आधी आली, बसणारे मागाहून. सहा महिने एकटा वॉचमन त्यांच्यावर आळीपाळीनं झोपायचा.

सुतार लहानाचा मोठा झाला तो याच इमारतीत, दुकानांच्या वर. पेठ ओस पडली तसे सगळे बाहेर गेले. नवं बांधकाम झाल्यावर त्याला पहिल्या मजल्यावर घर मिळालं आणि बरोब्बर त्याच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, धाकट्या बहिणीला. बहिणीचा नवरा ट्रक चालवतो, अर्धा महिना बाहेर. पदरात तीन महिन्यांची पोर. ती कुठली यायला तयार!

"दादा, अख्ख्या इमारतीत माणूस नाही रे अजून."

"मी आहे ना खाली! मी काय माणूस नाही?"

"ते वहिनीला विचारावं लागेल," बहीण म्हणाली. पण भावाच्या शब्दावर आली बिचारी.

त्या मंगळवारी संध्याकाळी तिचा फोन. "दादा, बेडरूमचं दार चिकटतंय. उघडलं की असं करकरतं की पोर दचकून उठते. येऊन जरा घासून दे."

सुतार जेवून आला. दाराला रंधा मारला, बिजागरीत तेल सोडलं. दार लोण्यासारखं फिरायला लागलं. पोर पाळण्यात गाढ झोपलेली. कोपऱ्यात, भिंतीशी.

"वहिनीला कधी आणतोस?"

"कपाटं बसली की. खालीच आहे मी, राहिलेलं काम उरकतो. काही लागलं तर पाय आपट."

खाली येऊन त्यानं स्वयंपाकघरात कपाटाची फळी लावायला घेतली. घर नवं, रंग नवा. एक बल्ब.

आता मध्येच एक सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मागाहून डोकं खाल. ही इमारत जुनी होती तेव्हा तिचा जिना दोन दुकानांच्या मधून वर जायचा. काळोखा, उभा, आणि अरुंद इतका की एका वेळी एकच माणूस. मध्ये दोघं समोरासमोर आले की खालच्यानं उलट्या पावली उतरायचं. डोक्यावर पाण्याची घागर असली तरी! म्हणून तिथली रीतच पडलेली. चढणाऱ्यानं खालून विचारायचं, "वर येऊ का?" वाट मोकळी असली तर वरचं कुणीही म्हणायचं, "या!" कुणी उतरत असेल तर त्यानं ओरडायचं, "थांबा, उतरतोय!" मग खालचा थांबायचा. चोर आला असता तरी थांबला असता.

नव्या बांधकामात तो जिना काढला. मागच्या बाजूला रुंद जिना केला, लिफ्ट केली. जुन्या जिन्याची जागा वाया कशी घालवायची? पहिल्या मजल्यावर ती सुताराच्या स्वयंपाकघरात आली. आणि दुसऱ्या मजल्यावर, जिथे जिना संपून वरच्या बोळात तोंड उघडायचा... तिथे बहिणीची बेडरूम झाली. तो कोपरा.

हां. पाळण्याचाच.

तर सव्वाबारा वाजले असतील. सुताराच्या दातांत दोन स्क्रू, हातात पेचकस. खालून आवाज आला.

"वर येऊ का?"

दमलेला आवाज. बाईचा की बुवाचा, त्याला आजही सांगता येत नाही. आणि आपला सुतार, जन्म त्या जिन्यात गेलेला, हातातलं काम न थांबवता स्क्रूच्या मधून म्हणाला...

"या!"

म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं.

स्क्रू तोंडातून खाली पडले.

आधी वाटलं, वॉचमन असेल. खिडकीतून पाहिलं. वॉचमन लांब, घसरगुंडीपाशी, कुत्र्याला बिस्किट देत होता.

ठक.

लाकडी पायरीवर पाय पडावा तसा. खाली. फरशीच्या खाली.

ठक... ठक.

सावकाश. एक पाय, मग दम. एक पाय, मग दम. आवाज फरशीतून वर आला. कोपऱ्यात. तिथे काही नव्हतं. रिकामी जागा, नवा रंग.

ठक. आता गुडघ्याएवढ्या उंचीवर. हवेत.

ठक. कमरेशी.

सुतार ओट्याला चिकटून उभा. ठक... कानाशी. तिथे थांबलं. कुणीतरी श्वास घेतला. सोडला. मानेला गार लागलं.

मग परत... ठक. डोक्याच्या वर. छताकडे.

आणि छताच्या वर पाळणा.

चष्मेवाली, खूण केली नाही मी अजून.

सुतार पळाला. लिफ्ट सोडली, मागच्या जिन्यानं तीन-तीन पायऱ्या घेत वर. चावी होतीच त्याच्याकडे. बेडरूमचं दार ढकललं, ते आवाज न करता उघडलं. बहीण धडपडून उठली.

"दादा? काय झालं?"

"पोरीला घे. घे आधी!"

पोर जागी होती. रडत नव्हती. मान वळवून पाळण्याच्या कडेवरून खाली फरशीकडे बघत होती... आणि पाय हलवत होती. ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवतात तसे.

बहिणीनं तिला उचललं. फरशीच्या खालून, अगदी खालून...

ठक.

"कोण आहे दादा?"

'या' तर तोच म्हणाला होता. बोलावलेलं त्यानंच. त्याला एकच गोष्ट सुचली. तो फरशीकडे तोंड करून ओरडला,

"थांबा! उतरतोय!"

थांबलं.

काहीच नाही. घड्याळाची टिकटिक. पोरीचा श्वास. बहिणीनं त्याचा डावा हात घट्ट धरलेला. उजव्या हातानं त्यानं पाळण्याची दांडी धरलेली.

मग फरशीखालून, शांतपणे...

"या."

वाट बघत होतं.

म्हणजे आता उतरायला हवं. उतरतो म्हणून वाट अडवली आणि उतरला नाही, असं त्या जिन्यात कधी कुणी केलं नव्हतं. पण उतरायचं कुठून? जिना कुठाय?

सुतारानं डोळे मिटले. जागच्या जागी पाय आपटला. ठक. मग दुसरा. ठक. जसं लहानपणी उतरायचा तसं. जोरात, मग हळू. आणखी हळू. लांब गेल्यासारखं. शेवटी नुसती टाच. मग तीही नाही.

खाली कुणीतरी उलट्या पावली निघालं. ठक... ठक... स्वयंपाकघरातून. फरशीतून. रस्त्यापर्यंत.

गेलं.

पोर आईच्या खांद्यावर झोपून गेली. दोघं भाऊ-बहीण उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिले. बहिणीनं त्याचा हात सोडला नाही.

सकाळी ती म्हणाली, "दादा, तू मला सोडून खाली गेला असतास तर मी मेले असते."

"मी कुठे गेलो? इथेच तर होतो."

"तेच म्हणतेय."

मग दोघं खाली आले. कपाटाची फळी होती तशी. बल्ब चालू.

त्या कोपऱ्यातल्या भिंतीवर, नव्या रंगावर, तिरपी रांग होती. हाताचे ठसे. अंधारात उतरताना माणूस भिंतीला तळवा टेकत टेकत जातो ना, तसे. उजव्या हाताचे. बोटं खालच्या बाजूला. छताशी सुरू झालेले, फरशीपर्यंत गेलेले.

सुतारानं एकावर आपला तळवा ठेवून बघितला. बरोब्बर बसला.

तीन हात रंग मारलाय त्यानं तिथे. तिन्ही वेळा वर आले. मी स्वतः पाहिलेत. उतरणारे सगळे.

वर परत येणारा एकही नाही.